सेंट हेलेना बेटावरील जमीन आणि तिचे वारस

महसूल खात्यांत उभी हयात घालविलेल्या मनुष्यास परदेशाचा इतिहास वाचतांनासुद्धां प्रथम जमिनीचा कागदच दिसतो, याला इलाज नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट हेलेना बेटाची हकीकत वाचीत असतां मला पदोपदीं तालुका कचेरीची आठवण झाली. म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहें. नेपोलियन बादशहास जेथें कैदेंत ठेविलें होतें तें बेट निराळें. हें दक्षिण कॅरोलिना राज्यांत, ब्यूफर्ट गांवानजीक, खाड्या आणि खाजणें यांनीं वेढलेलें आहे. आपल्या कोंकणांतल्या मनुष्यास तेथील चिखल, भरती-ओहोटी, कालवें आणि पागण्याचीं जाळीं हीं कांहीं परकीं वाटणार नाहींत.

या बाजूच्या बेटांवर पूर्वीं 'सी आयलंड' जातीचा लांब धाग्याचा कापूस होत असे. अत्यंत तलम सुताकरितां विलायतच्या गिरण्या तो चढ्या भावानें घेत. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची व मेहनत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांची. काम बहुधा नेमून दिलेलें असे. खुरपणीचें नेमलेलें काम म्हणजे सामान्यतः पाव एकर. खाजणांतील चिखल व गवत टोपल्यांनीं वाहून शेतांत खत म्हणून घालीत. तें काम किती जिकिरीचें, हें ज्यानें भरतीच्या चिखलांत पाय घातला आहे त्यासच कळेल. नेमलेलें काम उरकल्यावर उरलेला वेळ आपला, एवढी मात्र सवड असे. तीत हे लोक घरामागें भाजीपाला करीत, कोंबड्या पाळीत, मासे मारीत. त्यांच्यांतील कित्येकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेच्या भातशेतीच्या प्रदेशांतून आलेले; त्या किनाऱ्यावरील भातखाचरांत त्यांचें ज्ञान मळेवाल्यांनीं फुकट वापरलें. भात पाखडण्याची त्यांची गवताची विणलेली पसरट टोपली व भात सडण्याचें लाकडी उखळ पाहून आपल्या बायकांस तीं कशाचीं हें सांगावें लागणार नाहीं. भाषा 'गल्ला' नांवाची, इंग्रजी शब्दांची परंतु घडण पुष्कळशी आफ्रिकी. तींत बायबलचा नवा करार २००५ सालीं छापून निघाला.

७ नोव्हेंबर १८६१ रोजीं उत्तरेकडील सरकारच्या आरमारानें पोर्ट रॉयलच्या खाडीचे किल्ले घेतले. मळेवाले घरेंदारें टाकून पळाले. सुमारें १०,००० गुलाम मागें राहिले. याच युद्धानें खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि १८६५ सालीं तें संपतांच मुंबईचे सट्टेवाले बुडाले, हें आपण जाणतोंच. पण ज्यांच्या शेतांतला कापूस बाजारांतून नाहींसा झाल्यामुळें आपला भाव चढला, त्या शेतांत राबणाऱ्यांचें पुढें काय झालें, हें आपणांपैकीं कितीकांनीं विचारलें असेल?

येथून माझ्या धंद्याचा भाग लागतो. अमेरिकेच्या सरकारनें १८६१ सालीं युद्धखर्चाकरितां जमिनीवर कर बसविला व जून १८६२ च्या कायद्यानें बंडखोर मुलखांतही तो वसूल करण्याचें ठरविलें. मळेवाले शत्रूच्या हद्दींत. कर भरणार कोण? तेव्हां थकबाकीपोटीं जमिनी सरकारजमा झाल्या आणि मार्च १८६३ मध्यें ब्यूफर्ट येथें लिलाव सुरू झाले. बोस्टनच्या एका मंडळीनें एकदम ११ मळे घेतले. परंतु कांहीं मुक्त झालेल्या लोकांनींही पैसा पैसा एकत्र करून बोली केली. पुढें कुटुंबप्रमुखांस दहा-दहा एकरांचे तुकडे एकरीं दीड डॉलर या दरानें देण्यांत आले. थकबाकीचा लिलाव म्हणजे गरिबाच्या हातची जमीन सावकाराकडे जाण्याची वाट, असेंच मी आजवर पाहिलें. ती वाट उलट चालल्याचा दाखला मला दुसरा ठाऊक नाहीं.

याच्या उलट काय झालें तेंही पाहण्याजोगें आहे. १६ जानेवारी १८६५ रोजीं जनरल शर्मन यांनीं किनाऱ्यावरील मोठा पट्टा मुक्त लोकांकरितां राखून ठेवण्याचा हुकूम काढला. दर कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत. पण तो नुसता कब्जा होता, मालकी नव्हती. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं जुन्या मालकांस माफी देऊन जमिनी परत केल्या आणि पेरलेल्या शेतांतून लोक निघाले. सेंट हेलेनाच्या लोकांजवळ मात्र करविक्रीचे दाखले होते, ते टिकले. जुन्या मालकांच्या बाजूनें वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७८ सालीं न्यायालयानें विक्री कायम केली.

त्या खटल्यांतील प्रतिवादी रॉबर्ट स्मॉल्स हा याच गांवचा. तो १८३९ सालीं ब्यूफर्ट येथें गुलाम म्हणून जन्मला. मे १८६२ मध्यें चार्लस्टन बंदरांतून 'प्लँटर' नांवाची बंडखोरांची आगबोट त्यानें पहांटे, मालक मंडळी किनाऱ्यावर असतां, आपल्या बायकामुलांसह पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवालीं केली. पुढें तो अमेरिकेच्या कायदेमंडळांत निवडून गेला. ज्या घराच्या मागच्या खोपटांत तो जन्मला तेंच मालकाचें घर त्यानें करविक्रींत घेतलें. मालकीणबाई म्हातारपणीं भ्रमिष्ट होऊन तेथें आल्या असतां त्यानें त्यांस पूर्वींच्याच खोलींत राहूं दिलें, असें त्या गांवीं सांगतात.

बेटावर १८६२ सालींच लॉरा टाउन या बाईंनीं पेन शाळा काढली; पुढें तींत शेतकीचेंही शिक्षण देत. ऑगस्ट १८९३ च्या तुफानांत या किनाऱ्यावर सुमारें दोन हजार माणसें मेलीं, आणि १९२० च्या सुमारास बोंडांतील भुंग्यानें तो नामांकित कापूसही संपविला. तरी लोक गांव सोडून सारेच गेले नाहींत, कारण दहा एकर आपलीं होतीं. रताळीं, वाटाणे, मासे, कालवें यांवर घर चाले.

परंतु मृत्युपत्र करण्याची चाल नव्हती आणि गोऱ्यांच्या कचेरींत जाण्याची भीति होती. त्यामुळें आजोबाच्या नांवावरील जमीन तीन-चार पिढ्या तशीच सामाईक राहिली. आपल्याकडे एकेका सर्व्हे नंबरास चाळीस-चाळीस नांवें लागलेलीं मीं स्वतः लिहिलीं आहेत, आणि त्यांतलीं निम्मीं मुंबईस. तेथेंही तेंच: निम्मे वारस न्यूयॉर्क-फिलाडेल्फियास. शेजारच्या हिल्टन हेड बेटास १९५६ सालीं पूल झाला आणि मागोमाग चैनीच्या वसाहती आल्या. मग दूरच्या एखाद्या वारसाचा बारीकसा हिस्सा विकत घ्यावयाचा, वांटणीचा दावा लावावयाचा, आणि जमिनीची सरस-निरस वांटणी होत नाहीं असें दाखवून सबंध जमीन न्यायालयाकडून विकावयास लावावयाची, ही युक्ति त्या किनाऱ्यावर अनेकांनीं केली. पूर्वीं लिलावानें मिळालेली जमीन पुन्हां लिलावानें जाऊं लागली. २०१६ सालीं राज्यानें कायदा करून १ जानेवारी २०१७ पासून अशा दाव्यांत इतर सहहिस्सेदारांस तो हिस्सा मूल्यांकनाप्रमाणें प्रथम घेण्याचा हक्क दिला. सेंट हेलेनावर तर परगण्यानें १९९९ सालींच बंद वसाहती व गोल्फचीं मैदानें यांस मनाई केली होती. २०२३ मध्यें ती मोडण्याचा यत्न झाला, पण लोकांनीं तो हाणून पाडला.

चार्लस्टन येथें २००५ पासून एक संस्था अशा सामाईक जमिनींचे कागद नीट करून देते. पहिलें काम वंशावळीचें. मयताचा दाखला नसला तर घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानावर आजीनें लिहिलेले जन्ममृत्यू शोधतात. हें वाचलें आणि मला आमच्या कचेरींत आलेला एक म्हातारा आठवला. त्यानें कापडांत गुंडाळलेली शिवलीलामृताची पोथी टेबलावर ठेविली; शेवटच्या पानावर त्याच्या वडिलांनीं मोडींत बहिणींचीं नांवें व जन्मतिथी लिहिल्या होत्या. सात-बाऱ्यावर बहिणींचीं नांवें नव्हतीं. भावांचा आग्रह तीं न लागण्याचा, आणि तो म्हातारा मात्र त्यांतलाच एक भाऊ. पोथी पुरावा म्हणून धरावी कीं नाहीं यावर दोन दिवस खल झाला. अखेर बहिणींचीं नांवें लागलीं, आणि तो पोथी बगलेंत मारून चालता झाला.