रक्ताचं संशोधन शिकायचं कुठे?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस रक्तावर का बोलतोय, असं वाटेल तुम्हाला. मागच्या आठवड्यात आपल्या आष्टीतलीच एक मुलगी घरी आली. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. म्हणाली, "सर, संशोधन करायचंय. पण घरचे म्हणतात, पाच वर्षं बिनपगारी कोण पोसणार?" तिला सांगितलं तेच इथं सांगतो.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्यापुढे विचित्र रक्त आलं. साध्या तपासणीत गट 'ओ' दिसायचा, पण 'ओ'चं रक्तसुद्धा जुळेना. कारण काय? तांबड्या पेशीवरच्या 'ए' आणि 'बी' या खुणा 'एच' नावाच्या पायावर उभ्या राहतात. इथं तो पायाच नव्हता! लंडनच्या शास्त्रज्ञांसह त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. तोच 'बॉम्बे रक्तगट'.

बघा, "तपासणी चुकली असेल" म्हणून सोडून देता आलं असतं. न जुळणारी गोष्ट सोडायची नाही, ही सवय पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून येते. संशोधन-प्रशिक्षण म्हणजे हेच.

ते मिळतं कुठे? परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया यांवर तिथं काम चालतं, पीएच.डी. करता येते.

आणि पोट? जीवशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी जेआरएफची परीक्षा असते. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पहिली दोन वर्षं ज्युनियर, काम समाधानकारक असेल तर पुढे सीनियर. मार्गदर्शक मात्र आपणच शोधायचा. मूत्रपिंडावर काम करायचं तरी हाच रस्ता. रुग्णांवर उपचार करायचे असतील तर वाट वेगळी: नेफ्रॉलॉजीला एम.डी. नंतर डी.एम., यूरॉलॉजीला एम.एस. नंतर एम.सीएच. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरचा दोन महिन्यांचा छोटा प्रकल्पही करता येतो.

मी इतकी वर्षं शिकवलं, पण विज्ञानाच्या एकाही मुलाला हे सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं. ती चूक माझी. तुम्ही करू नका. घरी गेल्यावर शेजारच्या मुलीला एवढं तरी सांगा.

थांबतो.