ध्वनिकेबल परीक्षक

ध्वनिकेबल परीक्षक हे माइक, मिक्सर, अँप्लिफायर इत्यादींना जोडणाऱ्या केबलमधील दोष शोधण्याचे साधे विद्युत उपकरण होय. ते बाजारात तयार मिळते. परंतु ९ व्होल्टची बॅटरी, तीन एलईडी, तीन रोध, एक फिरता स्विच आणि दोन सॉकेट एवढ्या साहित्यात घरीही बनवता येते. पुण्यात असे सुटे भाग बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत मिळतात.

गरज

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात होणारी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची आहे. अशा स्पर्धांत एकाच दिवशी अनेक संघ रंगमंचावर येतात. दोन प्रयोगांमधील अल्प वेळात ध्वनी बंद पडल्यास दोष माइकचा, मिक्सरचा की केबलचा, हे तर्काने ठरवीत बसणे परवडत नाही. केबल वारंवार गुंडाळली व ओढली जात असल्याने, विशेषतः प्लगजवळ, तीच बहुधा आधी निकामी होते.

रचना व कार्य

एक्सएलआर केबलमध्ये पिन १ कवचाला, पिन २ धन तारेला आणि पिन ३ ऋण तारेला जोडलेली असते. केबलची दोन्ही टोके परीक्षकाच्या दोन सॉकेटमध्ये बसवितात. फिरता स्विच बॅटरीचे धन अग्र पहिल्या सॉकेटच्या एकेका पिनला क्रमाने जोडतो. दुसऱ्या सॉकेटच्या प्रत्येक पिनपासून एक रोध व एक एलईडी यांतून मार्ग बॅटरीच्या ऋण अग्राकडे जातो. रोध १ किलोओहमचा घेतल्यास तांबड्या एलईडीतून सुमारे ७ मिलिअँपिअर धारा वाहते. तिन्ही एलईडींना मिळून एकच रोध वापरण्याची काटकसर करू नये. एलईडी निरनिराळ्या रंगांचे असल्यास कमी व्होल्टेजचा तांबडा तेवढा पेटतो, दुसरा अंधारात राहतो आणि तारा एकमेकींना चिकटल्याचे लक्षातच येत नाही.

स्विच २ वर असताना केवळ दुसरा दिवा लागल्यास ती तार निर्दोष समजावी. एकही न लागल्यास तार तुटली आहे, दोन लागल्यास तारा आपसांत जुळल्या आहेत, आणि दुसऱ्याऐवजी तिसरा लागल्यास जोडणी उलटी झाली आहे. उलट्या जोडणीचा दोष फसवा असतो. एकट्या माइकवर तो कानाला जाणवत नाही. मात्र एकाच गायकासमोर दोन माइक असतील, तर दोन्हींचे ध्वनिसंकेत परस्परांना छेदतात आणि आवाजातील खर्ज क्षीण होतो. तिन्ही पिनांना एकाच वेळी बॅटरी देणाऱ्या, स्विच नसलेल्या परीक्षकात हा दोष मुळीच दिसत नाही.

परीक्षा चालू असताना केबल प्लगजवळ हलकेच वाकवून पाहावी. दिवा लुकलुकल्यास आतील तार अर्धवट तुटलेली असते. रंगमंचावर मधूनच खरखर करणारी केबल टेबलावर निर्दोष ठरते, ती बहुधा ही चाचणी वगळल्यामुळे.

डबा

६.३५ मिमी जॅकचीही सॉकेट बसवायची असल्यास डबा प्लॅस्टिकचा असावा. साबणाची डबीही चालते. धातूच्या डब्यात दोन्ही सॉकेटांची बाह्यांगे डब्यामार्फत जोडली जातात आणि केबलचे कवच तुटलेले असूनही दिवा लागतो. तीन संपर्कांच्या सॉकेटमध्ये दोन संपर्कांचा मोनो प्लग घातल्यास मधला संपर्क कवचाशी जुळलेला दिसतो. तो दोष मानू नये.

मर्यादा

अनेक धाग्यांच्या तारेतील एकच धागा शाबूत असला तरी एवढ्या अल्प धारेवर दिवा लागतो. कवच विरळ झाल्याने येणारी घरघरही या उपकरणाला कळत नाही. केबल मिक्सरपासून पूर्णपणे सोडवूनच तपासावी, कारण मिक्सरमधून माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा येत असण्याची शक्यता असते.