शाईची कार्ट्रिज : बदलण्यापूर्वी

एका नजरेत

- रंग चार : सायन (आकाशी निळा), मजेंटा (किरमिजी), पिवळा आणि काळा. बाकीच्या छटा यांच्याच ठिपक्यांतून.
- प्रकार दोन : काही कार्ट्रिजमध्ये शाईसोबत नोझलही (शाई फवारणारी बारीक छिद्रे) असतात. काहींत फक्त शाई, नोझल असलेले हेड प्रिंटरमध्येच.
- शाई दोन तऱ्हांची : डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण, म्हणून ती पाण्याला व उन्हाला जास्त टिकते.
- टोनर वेगळा : लेझर प्रिंटरमधली ती कोरडी पूड.
- बदलताना : प्रिंटर चालू ठेवावा. झाकण उघडल्यावर कार्ट्रिजची बैठक हाताशी येऊन थांबते. नवीन कार्ट्रिजची संरक्षक पट्टी काढावी. नोझल आणि धातूच्या पट्ट्यांना बोट लावू नये. ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावी. शेवटी चाचणी पान छापावे.
- न वापरल्यास : नोझलमध्ये शाई सुकते. अधूनमधून एखादे रंगीत पान छापावे.
- सुरुवात : एचपीचा ‘थिंकजेट’, १९८४. फेकता येणाऱ्या कार्ट्रिजचा हा सुरुवातीचा स्वस्त इंकजेट.

- रिकामी कार्ट्रिज : ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये.