बेल्ट घासत नाही, कापतो

सँडिंग बेल्टबद्दल सुतारांच्या आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या शेडमध्ये जे गैरसमज फिरतात, त्यांतले निम्मे तरी एका क्रियापदाने केलेले आहेत: घासणे. भांडी घासावीत तसं लाकूड घासायचं, डाग निघत नसेल तर जोर वाढवायचा, ही सवय हातात इतकी मुरलेली असते की मशीन हाती आलं तरी ती सुटत नाही.

बेल्टचा तुकडा भिंगाखाली धरून पाहा. कापडावरच्या रेझिनच्या थरात टोकदार कण रोवलेले दिसतील, तेही आडवे पडलेले नाहीत, उभे. कारखान्यात विद्युतक्षेत्राच्या ओढीने हे कण उडवून चिकटवतात, म्हणून त्यांची टोकं वर राहतात. प्रत्येक कण म्हणजे एक बारीकशी पटाशीच. नवीन बेल्टवर लोखंड धरल्यावर खाली जी भुकटी पडते, तीही भिंगाखाली पाहा. लेथवर निघतो तसा वळलेला कीस त्यात सापडेल. रंध्याच्या पात्याला आपण जेवढं जपतो तेवढं बेल्टला जपत नाही, कारण तो आपल्याला कागद वाटतो.

“दाबून धर, लवकर उरकेल”

हातातल्या बेल्ट सँडरने लाकूड करताना मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. वरून दाबलं की दोन कणांमधल्या फटीत भुसा ठासला जातो, उष्णता वाढते, लाकडातला चीक वितळून बेल्टवर काळा थर बसतो आणि मग तो बेल्ट कापत नाही, जाळतो. पाइनवर हे फार लवकर होतं. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड फर्निचरला वापरणाऱ्यांना तो काळा पट्टा चांगलाच ओळखीचा असेल. मशीन लाकडावर टेकवून सुरू करू नये. चालू करून अलगद उतरवावं, सतत सरकतं ठेवावं. प्लायवरच्या शोभेच्या व्हिनिअरची जाडी अनेकदा अर्धा मिलिमीटरही नसते. तिथे दाब तर सोडाच, बेल्ट सँडर नेऊच नये.

धातूवर मात्र गोष्ट उलटते, आणि इथे लाकडाचा अनुभव फसवतो. स्टीलसाठी मिळणारे झिर्कोनियाचे आणि सिरॅमिक कणांचे बेल्ट महाग असतात, म्हणून लोक ते हलक्या हाताने वापरतात. पण हे कण झिजत झिजत बारीक तुटावेत आणि नवी धार उघडी पडावी, अशी त्यांची रचनाच आहे. ते तुटायला पुरेसा दाब लागतो. नुसतं टेकवत राहिलं तर कणांची टोकं सपाट, चकचकीत होतात, बेल्ट अंगाने नवा दिसत असूनही काम करीत नाही, आणि मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात. लाकडाला हलका हात, जाड लोखंडाला भक्कम दाब: नियम एकच नाही.

“मोठा नंबर म्हणजे जास्त कापणार”

नव्या पोराची ही चूक एका दिवसात सुटते. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. ‘पी’ मोजणीत ४० नंबरचा कण सरासरी ०.४ मिलिमीटरच्या आसपास, ८० चा ०.२, १२० चा ०.१२५ आणि २४० चा साधारण ०.०६ मिलिमीटर. अनुभवी माणसाचीही सुटत नाही ती दुसरी चूक: मधले नंबर गाळण्याची. ८० वरून थेट २४० वर उडी मारली की हाताला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. प्रत्यक्षात ८० ने पाडलेल्या चरांचे कंगोरे तेवढे गोल झालेले असतात, तळ तसाच असतो. पॉलिशचा रंग त्या चरांत उतरला की रेघा उमटून येतात, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. ८०, १२०, १८० असं पायरीपायरीने गेलं तर शेवटी वेळ कमीच लागतो. आणि रंग द्यायच्या लाकडाला १८० ते २२० च्या पुढे नेऊ नये. त्यापुढे लाकूड इतकं घोटलं जातं की रंग नीट पीत नाही.

“एकच बेल्ट लाकडालाही चालतो, लोखंडालाही”

चालतो, तीच अडचण आहे. आपल्याकडे पूर्वी ‘काचपेपर’ म्हणत, इंग्रजी नावात वाळू आहे. आजच्या बेल्टमध्ये सहसा ना काच असते ना वाळू. तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड लाकूड आणि साधं लोखंड दोन्ही कापतो, हे खरंच. सिलिकॉन कार्बाइड त्याहून टणक आणि धारदार, पण ठिसूळ. काच, दगड, पितळ यांवर उत्तम, स्टीलवर मात्र लवकर झिजतो. लाकडाच्या बेल्टवर कण विरळ पेरतात, म्हणजे भुशाला निघून जायला जागा राहते. स्टेनलेस स्टीलच्या बेल्टवर कणांच्या वर आणखी एक थर देतात, जो कापताना होणारी उष्णता कमी ठेवतो.

पण खरा मुद्दा कणांचा नाही, मागे काय राहतं त्याचा आहे. साध्या लोखंडावर चालवलेला बेल्ट स्टेनलेसवर लावला तर लोखंडाचे सूक्ष्म कण त्यात रुततात आणि काही दिवसांनी ‘न गंजणाऱ्या’ रेलिंगवर तांबूस ठिपके दिसतात. तोच बेल्ट बाभळीसारख्या टॅनिनच्या लाकडावर नेला तर ओल लागताच काळे डाग पडतात. हिरडा आणि लोखंड यांपासून शाई बनायची, ती याच रासायनिक क्रियेने.

याहून गंभीर गोष्ट आगीची. सकाळी सागवान केलं, भुशाची पिशवी मशीनला तशीच लटकलेली, दुपारी त्याच मशीनवर लोखंडी पट्टी धरली. एक ठिणगी पिशवीत गेली तरी लगेच ज्वाळा दिसेल असं नाही. भुसा आतल्या आत तासन्‌तास धुमसू शकतो, आणि शेड बंद करून सगळे घरी गेल्यावर पेट घेऊ शकतो. ॲल्युमिनियमची भुकटी तर हवेत उडाली की स्फोटकच, आणि लोखंडाच्या ठिणग्यांशी तिची गाठ पडू देऊ नये. दोन मशीनं परवडत नसतील तर निदान धातूकडे वळण्याआधी पिशवी रिकामी करा, मशीनच्या आतला भुसा ब्रशने काढा. कितीही घाईचं काम असलं तरी ही पाच मिनिटं वाचवू नका, असं मी हात जोडून सांगेन.

“काळा पडला, फेकून दे”

काळा पडणं आणि बोथट होणं या दोन वेगळ्या गोष्टी. मशीनची पिन काढून बेल्ट तिरप्या उजेडात पाहा. कणांच्या मधली जागा भरलेली असेल तर तो तुंबलेला आहे, संपलेला नाही. त्यासाठी कच्च्या रबराची कांडी मिळते. चालत्या बेल्टवर ती टेकवली की भुसा रबराला चिकटून निघतो आणि खालचा बेल्ट जवळजवळ पहिल्या रंगात दिसू लागतो. क्रेप रबराच्या जुन्या बुटाचा तळही हे काम करतो. तारेचा ब्रश मात्र लावू नये; त्याने भुशाबरोबर कणही उखडतात. ॲल्युमिनियम घासताना तुंबणं टाळायचं तर आधीच बेल्टवर मेणाची कांडी फिरवावी.

टोकंच चकाकत असतील तर मात्र बेल्ट उतरवा. बोथट बेल्टवर ‘अजून दोन दिवस’ काढण्याची काटकसर सुरी-कोयत्यांच्या कामात फार महाग पडते. पातं निळं पडलं म्हणजे त्या जागी उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या घरात गेली, आणि तेवढ्या पट्ट्यातलं पाणी उतरलं. वरचा निळा रंग पुसून टाकता येतो. पाणी परत द्यायचं तर पातं पुन्हा भट्टीतच घालावं लागतं.

वेगाचाही हिशेब करावा. चाकाचा व्यास १५० मिलिमीटर आणि मोटार २,८८० फेऱ्यांची असेल, तर बेल्ट सेकंदाला सुमारे २२ ते २३ मीटर धावतो. १,४४० च्या मोटारीवर तोच वेग निम्मा होतो. पाणी दिलेल्या पात्याला हा कमी वेगच मानवतो.

“बाण कुठेही असो, फिरला म्हणजे झालं”

जुन्या पद्धतीचा सांधा एकावर एक टोक चढवून करीत. उलटा फिरवला तर वरचं टोक कामाला अडकून उचकटतं, म्हणून आतल्या बाजूला बाण असतो. टोकाला टोक भिडवून मागून पट्टी लावलेले बेल्ट दोन्हीकडे चालतात. बाण असेल तर पाळावा, नसेल तर काळजी नको. बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर ताण वाढवत बसू नये. सरळ करण्याची चावी वेगळी असते. जादा ताणाने सांधा तुटतो आणि बेअरिंग लवकर जातं.

“कुठेही टांगला तरी काय होतंय?”

पावसाळ्यात होतं. बेल्टसाठी १८ ते २२ अंश तापमान आणि ४५ ते ६५ टक्के आर्द्रता योग्य समजली जाते. मुंबईत किंवा कोकणात जुलैत हवेतली ओल ८० टक्क्यांच्या वर असते. सुती कापड ती पितं, बेल्ट सैलावतो, कडा वळतात, आणि मशीनवर चढवला की तो थरथरत धावतो. खिळ्यावर टांगला तर खिळ्याच्या जागी घडी पडते, पुढे तिथेच तडकतो. त्यामुळे तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा भिंतीत बसवून त्यावर टांगावा, तोही बाहेरच्या ओल्या भिंतीवर नको. सिमेंटच्या जमिनीवर खोकी ठेवू नयेत. ओलावलेला बेल्ट उन्हात टाकण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. फार कोरडा पडला की तो कडक होऊन मोडतो. लागणारा बेल्ट आदल्या दिवशी खोक्यातून काढून कोरड्या जागी पाइपवर सोडून ठेवला की बराच सरळ होतो.

“तोंडाला रुमाल बांधला की पुरे”

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. रुमालातून बारीक धूळ सहज आत जाते. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा हवा. सैल हातमोजे, गळ्यातला पंचा, लोंबती बाही मात्र चालत्या बेल्टजवळ नको, कारण कापड पकडलं गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आणि उतरवलेला कापडी बेल्ट टाकू नका. लांबीत फाडून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या करा. गोल पाइपला गुंडाळून दोन्ही हातांनी ओढायला किंवा खुर्चीच्या वळणदार पायाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तिथे धार थोडी बोथट असलेलीच बरी पडते.