पियानोवर मुठी आपटणारा कॉन्चर्टो

पियानो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काळा सूट, झुंबर, नाजूक बोटं? मग तान डुन यांचा पियानो कॉन्चर्टो एकदा बघाच. हो, ऐका नाही, आधी बघा! यात वादक बोटांनी वाजवता वाजवता मध्येच तळहात, मुठी, चक्क कोपरापर्यंतचा हातही पट्ट्यांवर टाकतो.

या रचनेचं नाव आहे ‘द फायर’. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती पहिल्यांदा सादर केली. पियानोवर होते लांग लांग आणि रचना त्यांच्यासाठीच लिहिलेली होती. कॉन्चर्टो म्हणजे एक वादक एका बाजूला आणि अख्खा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या बाजूला. आपल्या सवाल-जवाबासारखंच समजा, फक्त इथे समोर साठ-सत्तर माणसं असतात.

तान डुन हे नाव ओळखीचं वाटत नसेल, तर ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आठवा. बांबूच्या शेंड्यांवर तलवारी घेऊन लढणारी माणसं? त्या सिनेमाचं संगीत यांचं. त्यासाठी २००१ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. कॉन्चर्टोतही तीच युद्धकला आहे. आधी निश्चल शांतता, मग एकदम वार. फरक एवढाच, की इथे तलवार नाही, ८८ पट्ट्या आहेत.

पण या माणसाची खरी गोष्ट पियानोपासून फार लांब, चीनच्या हुनान प्रांतात सुरू होते. तिथे १९५७ साली त्यांचा जन्म झाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरी मुलांना शेतावर पाठवलं जायचं. तान डुन यांच्या वाट्याला भातलावणी आली. त्या काळात पियानो म्हणजे श्रीमंतांचं, परकीयांचं वाद्य, म्हणून संशयाचंच. त्यांनी गावकऱ्यांना जमवलं आणि घरातली भांडीकुंडी वाजवत संगीत केलं. मग जवळच बीजिंग ऑपेराच्या कलाकारांची बोट उलटली. बरेच जण बुडाले. मंडळीला माणसं कमी पडली आणि या तरुणाला वादक म्हणून बोलावणं आलं. त्यांच्या कारकिर्दीची वाट एका अपघातातून निघाली, हे वाचून मला कसंसंच झालं.

पुढे बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्क. पण भांडी वाजवायची सवय काही सुटली नाही! त्यांनी पाण्यासाठी कॉन्चर्टो लिहिला, कागदासाठीही लिहिला. त्यामुळे पियानो हाती आल्यावर त्यांनी त्याला तालवाद्यासारखं वागवलं, यात नवल ते काय?

यामागे एक अडचणही आहे. चिनी पिपा किंवा गुचिनवर सूर ओढता येतो, आपल्या सतारीतल्या मींडेसारखा. पियानोवर ते जमत नाही. एक पट्टी, एक सूर. हार्मोनियमबद्दल आपल्याकडे हीच तक्रार आहे ना? आणखी एक गंमत. चिनी लोकसंगीतात पाच सुरांच्या धुनी भरपूर असतात आणि त्यातले नेहमीचे पाच सूर म्हणजे आपल्या भूपाचे सा रे ग प ध. म्हणूनच असं संगीत परकं असूनही कानाला ओळखीचं वाटतं.

रचना साधारण अर्ध्या तासाची, तीन भागांची आहे. वेळ कमी असेल तर मधला संथ भाग लावा. मुठींचा दणका मुलांना आवडेल, मला मात्र हा भाग जास्त आवडला. हेडफोन घाला, कारण यातले हळू सूर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.