इटलीच्या शाही बागेत करवीरचे छत्रपती

कोल्हापूरच्या एका छत्रपतींची छत्री बघायची तर पंचगंगेचा घाट सोडून थेट इटली गाठावी लागते! फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरलेली काशिने बाग आहे. तिच्या पश्चिम टोकाला दगडी छत्रीखाली, डोक्यावर पागोटं असलेला एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा दिसतो. हे छत्रपती राजाराम महाराज.

इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहन करायचं तर नदी हवी, संगम असेल तर उत्तमच. संगमावरच्या प्रयाग चिखलीच्या मुलखातल्या माणसांना हे सांगायला नको. फ्लॉरेन्समध्ये तो सापडला बागेच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं. ख्रिस्ती शहरात चितेची परवानगी म्हणजे खास बाब, पण मिळाली.

गंमत पुढेच आहे. १८७४ साली उभी राहिलेली ही छत्री आखली मेजर चार्ल्स मँट यांनी. कोल्हापूरचा टाऊन हॉल त्यांचाच, आणि १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडाही त्यांचाच! मात्र मँट १८८१ मध्येच गेले. पुरा झालेला राजवाडा काही त्यांना बघायला मिळाला नाही. तो पुरा झाला त्याच वर्षी कागलचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले.

आता बागेकडे. सोळाव्या शतकात हे फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचं शेत, गुरांचं कुरण आणि शिकारीचं रान होतं. ताज्या दुधाची हौस एकट्या कोल्हापूरच्या गंगावेशीलाच नव्हती म्हणायची! अठराव्या शतकाच्या अखेरीस जुसेप्पे मानेत्ती या वास्तुकाराने इथं सरळ रेषेतले झाडांचे रस्ते, हवेली आणि कारंजी बसवली. त्याचा एक नमुना तर अफलातून: बागेत चक्क पिरॅमिड! आत ममी वगैरे काही नाही, बर्फ साठवायचा. फ्रिज नव्हता तेव्हाचं हे राजेशाही शीतगृह. नेपोलियनची बहीण एलिझा हिच्या अमदानीत बाग सर्वांना खुली झाली. शेली या इंग्रज कवीला पश्चिमेच्या वाऱ्यावरची प्रसिद्ध कविता १८१९ मध्ये इथल्याच झाडीत सुचली.

राजारामांचं नाव इटालियन जिभेला झेपलं नसावं. तिथल्या लोकांनी त्याचं सरळ ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, करून टाकलं. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही हेच नाव.

जाणार असाल तर मंगळवार गाठा. त्या दिवशी बागेत आठवडी बाजार भरतो. पण तो शहराकडच्या बाजूला आणि छत्री पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा पायात नवी कोरी कोल्हापुरी असेल तर आधी तेल लावून मुरवून घ्या.