भुलेश्वराची रांग आणि दोन उतारांवरचे पाणी

बारामती-इंदापूरकडे डोंगर नाही, असे आपण सहज बोलून जातो. भूगोलाला हे मान्य नाही. सिंहगडापासून सह्याद्रीचा एक फाटा पूर्वेकडे निघतो आणि दिवेघाटाचा माथा घेऊन भुलेश्वरापर्यंत येतो. तेथून पुढे त्याची उंची ओसरते व डोंगर म्हणून तो दिसेनासा होतो. पण संपत नाही. माळरानांचा उंचवटा होऊन तो आपल्या दोन्ही तालुक्यांतून पूर्वेकडे जातो.

माणसाला तो कळला नाही तरी पाण्याला कळतो. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस भीमेला मिळतो, दक्षिणेचा कऱ्हेला किंवा नीरेला. बारामतीहून भिगवणला जाताना ही सीमा आपण ओलांडतो, पण मोटारीत बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. नरसिंहपूरला नीरा व भीमा एकत्र येतात, तेथे या रांगेचे काम संपते. वाटून द्यायला दोन नद्याच उरत नाहीत!

ही भूमी कोरडी का? पश्चिमेचे पावसाळी वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तेथेच टाकतात. घाटमाथा उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. महाबळेश्वरला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आपल्याकडे वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास. त्यातही मोठा वाटा सप्टेंबरचा. म्हणूनच येथला शेतकरी मृगापेक्षा उत्तरा-हस्ताकडे डोळे लावून बसतो आणि खरिपापेक्षा रब्बीची ज्वारी त्याला जवळची वाटते.

खडक मात्र सगळा एकाच जातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यांचाच हा काळा पाषाण. माथ्यावरची माती युगानुयुगे धुपून नदीकाठी गेली. वर मुरूम राहिला, खाली खोल काळी जमीन झाली. म्हणजे पाण्याआधी मातीचीही वाटणी झालेली होती.

माणसाने केलेली वाटणी त्याच रेषेवर पडली. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळला. पुढे भाटघरला धरण झाले आणि १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. पाटाचा नियम साधा आहे : पाणी आपल्यापेक्षा सखल जमिनीलाच मिळते. कालवा उताराच्या कडेकडेने गेला. त्याच्या खाली नीरेपर्यंत ऊस आला, गुऱ्हाळे आली, मागाहून वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव येथले साखर कारखाने आले. वर राहिलेल्या गावांना आपण आजही ‘जिरायती भाग’ म्हणतो. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत मुलीची सोयरीक जुळवताना वडीलधारी मंडळी हा शब्द कसा उच्चारतात, ते श्रोत्यांना सांगायला नको.

खालच्या भागालाही हे सुख फुकट मिळाले नाही. अति पाण्याने क्षार वर आले, जमिनी खारवटल्या. हॅरॉल्ड मॅन यांनी नीरेच्या खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास १९१० च्या सुमारासच केला होता. एका शिवारात पाणी नाही म्हणून पीक नाही, दुसऱ्यात पाणी फार झाले म्हणून नाही.

१९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि उत्तरेच्या पायथ्यालाही पाणी उभे राहिले. दोन्ही अंगांना पाणी आणि मधली पाठ कोरडी, असे चित्र झाले. जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजना पंपांनी पाणी चढवतात खरे. पण चढवलेल्या पाण्याचे दर पावसाळी विजेचे बिल येते. गुरुत्वाकर्षण मात्र बिल पाठवत नाही.

या पाठीला केवळ पडीक समजण्याची चूक मात्र करू नये. तिचे गवत धनगरांच्या मेंढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले, ते चिंकारा या हरणासाठी. त्याला उघडे गवताळ रानच लागते. दाट झाडी लावून त्याची सोय होत नाही.

गवताचा दुसरा उपयोग कमी लोकांच्या ध्यानात येतो. ते पाण्याचा वेग मोडते. पाणी खडकाच्या भेगांत मुरते आणि उतारावरच्या विहिरींत सावकाश उतरते. वरच्या ओढ्याला बांध घातला, तर त्याचा गुण बांधाशेजारी नव्हे, खालच्या शिवारात दिसतो. आणि तोही शेजारच्या विहिरी खडखडीत होतात त्या मार्च महिन्यात.